मल्लखांबाचा पंच कसा घडतो?

खेळाच्या मैदानावर ज्याचें नांव कोणी विचारीत नाहीं आणि ज्याच्यावांचून मात्र कोणाचें नांव होत नाहीं, असा एक मनुष्य असतो. त्यास आपण पंच म्हणतों. त्याचें काम चोख झालें तर तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. चुकलें तर गांवभर होतें. खेळाडू कसे तयार करावे, तालमी कशा चालवाव्या, मुलांस दूध किती व तूप किती द्यावें, यांविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे; बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनीं तर व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध करून ठेविले. परंतु पंच कसा तयार करावा, यावर दोन पानें सलग वाचावयास मिळणें कठीण. जो खेळून थकला तो पंच, किंवा त्या दिवशीं शाळेंत जो मोकळा सांपडला तो पंच, अशीच पुष्कळ ठिकाणीं रीत आहे. या रीतीची किंमत मोजावी लागते ती मात्र मुलांस.

आमच्या हिंगोली जिल्ह्यापुरतें पाहूं. परभणीपासून वेगळा होऊन हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून दरसाल शालेय स्पर्धा भरविल्या जातात, आणि राज्याच्या शालेय खेळांच्या यादींत जिम्नॅस्टिक्स आहे तसा मल्लखांबहि आहे. जिल्ह्यांत वर आलेलें मूल विभागास जातें, विभागांतून राज्यास. पुढें दहावी-बारावीच्या परीक्षेंत खेळाचे वाढीव गुण, आणि त्याहि पुढें शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं राखलेल्या ५ टक्के जागा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं या दोन गोष्टींचें मोल काय आहे, तें शहरांत बसून कळावयाचें नाहीं. एवढ्या लांबच्या रस्त्याचा पहिला उंबरठा म्हणजे शाळेच्या पटांगणांतील एक टेबल आणि त्यामागें बसलेलीं चारपांच माणसें. तीं माणसें कच्चीं निघालीं तर मूल तेथेंच अडतें. आणि आपण कां अडलों, हेंहि त्यास कळत नाहीं.

मल्लखांब म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण पंचाच्या जागीं बसून पाहिलें असतां त्याचें रूप निराळेंच दिसतें. पुरलेला मल्लखांब जमिनीवर सुमारें साडेआठ फूट उंच. सागाचा किंवा शिसवीचा, खालीं जाड, वर निमुळता होत गेलेला, शेवटीं मान आणि मानेवर बोंड. एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. मुलगा धांवत येतो, उडी घेतो, आणि पुढच्या दीडएक मिनिटांत अढी, दसरंग, बगली, तेढी, वेल, फरारे, ताजवे, बोंडावरचीं आसनें आणि शेवटची उतरण, अशी सगळी माळ ओंवून मोकळा होतो. तेवढ्या वेळांत पंचानें प्रत्येक प्रकार ओळखावयाचा. तो सोपा कीं कठीण हें ठरवावयाचें. एकांतून दुसऱ्यांत जातांना मुलगा अडखळला का, गुडघे वांकले का, पंजे ताणलेले होते का, आसन ठरलें कीं नुसतें दाखविलें, तें पाहावयाचें. आणि हें सर्व कागदावर टिपीत असतां डोळा मात्र खांबावरून काढावयाचा नाहीं. मुलींच्या दोरीवर तर आणखीच पंचाईत. बोटाएवढ्या जाडीची, एकहि गांठ नसलेली सुताची दोरी. ती पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमटींत धरून मुलगी वर जाते, आणि दोरीला पीळ बसतो तशी तीहि फिरते. पंचाकडे कधीं तोंड, कधीं पाठ. ज्या क्षणीं पाठ असते नेमका त्याच क्षणीं गुडघा वांकावयाचा!

ही कला जुनी असली तरी तिला गुण देण्याची पद्धति अगदीं अलीकडची आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे बाराव्या शतकांत, मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख सांपडतो. पुढें मागें पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं पुन्हां उभी केली. हैदराबादेहून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांचें आव्हान बाळंभटदादांनीं स्वीकारलें, वणीच्या सप्तशृंगीची आराधना केली, आणि खांबावर कमावलेल्या चपळाईच्या बळावर अलीस चीत केलें, अशी परंपरेनें चालत आलेली कथा आहे. (मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्याच राज्यांत होता, तेव्हां त्या दिवशीं हार आमच्या बाजूची झाली, असें म्हणावयास हिंगोलीकरांची हरकत नसावी.) त्या काळीं गुण नव्हते आणि तक्ताहि नव्हता. वस्तादाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलें कीं शागीर्दास सर्व पावलें. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ दाखवून आली. पण तें प्रदर्शन होतें, स्पर्धा नव्हे. राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेंत मल्लखांबाचा प्रवेश झाला तो १९५८ सालीं. कालांतरानें तेथें त्यास जागा उरली नाहीं, तेव्हां उज्जैन येथें २८ व २९ जानेवारी १९८१ रोजीं स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि मल्लखांबाची स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. २०१९ च्या फेब्रुवारींत तर मुंबईस शिवाजी पार्कवर या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

दोनशें वर्षें ज्या कलेची पारख वस्ताद एका नजरेंत करीत आले, तिला आंकड्यांत बसविण्याचा उद्योग असा अवघ्या साठसत्तर वर्षांचा आहे. पंचांच्या शिक्षणांतील सगळी अडचण आमच्या मतें येथें आहे. जुने जाणते पुष्कळदां नजरेवर विसंबतात व तक्त्याकडे दुर्लक्ष करितात. नवे शिकलेले तक्ता तोंडपाठ करून येतात, पण खांबावर काय घडलें तेंच त्यांस दिसत नाहीं. पहिल्यास कां म्हणून विचारलें तर उत्तर देतां येत नाहीं. दुसऱ्यास उत्तर तयार असतें, पण तें दुसऱ्याच कुठल्या तरी मुलाविषयीं असतें.

पाश्चात्य जिम्नॅस्टिक्सलाहि हें कोडें लवकर सुटलें असें नाहीं. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १८८१ सालची. परंतु गुण कसे द्यावे याचें पहिलें नियमपुस्तक निघालें १९४९ सालीं. आदल्या वर्षीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें पंचापंचांच्या गुणांत फार तफावत पडली, आणि मग स्वित्झर्लंडच्या आर्थर गांडर प्रभृति तिघां जाणत्यांनीं बसून तें लहानसें पुस्तक तयार केलें. आज त्याचा विस्तार पुष्कळ झाला आहे, दर ऑलिंपिकच्या चक्राबरोबर तें बदलतें, आणि पंचांसहि दर चक्रास नव्यानें परीक्षा द्यावी लागते.

इतकें असूनहि काय होतें, तें २००४ सालीं अथेन्सला दिसलें. पुरुषांच्या सर्वसाधारण विजेतेपदाच्या स्पर्धेंत दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंग याच्या पॅरलल बारवरील कसरतीचें मूळ मूल्य १०.० धरावयास हवें होतें. पंचांनीं एक प्रकार ओळखण्यांत चूक केली आणि तें ९.९ धरलें. अमेरिकेचा पॉल हॅम ५७.८२३ गुणांनीं पहिला आला, यांग ५७.७७४ गुणांनीं तिसरा. दोघांतील अंतर ०.०४९, आणि हरवलेला गुण ०.१! तीन पंच निलंबित झाले, प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलें. परंतु तक्रार वेळेवर नोंदविली गेली नव्हती, आणि निकाल होता तोच राहिला. हे पंच कांहीं पटांगणावरून धरून आणलेले नव्हते. परीक्षा देऊन वर आलेले होते. नियमांची पोथी त्यांस पाठ होती. चुकला तो डोळा.

म्हणून नव्या पंचाचें शिक्षण डोळ्यापासून सुरू करावें, असें आम्ही म्हणतों. आमच्या परिचयाचे एक वृद्ध पंच आहेत. त्यांच्याकडे कोणी शिकावयास आला कीं पहिले कित्येक दिवस ते त्यास गुण देऊंच देत नाहींत. तालमींत नेऊन बसवितात, हातीं वही देतात आणि खालीं न पाहतां लिहावयास लावतात. आंतरराष्ट्रीय पंच प्रत्येक प्रकारासाठीं एकेक चिन्ह ठरवून लघुलेखकाप्रमाणें तें ओढीत जातात. या गृहस्थांनीं मल्लखांबासाठीं आद्याक्षरें घेतलीं आहेत. दसरंगास ‘द’, वेलास ‘वे’, ताजव्यास ‘ता’. गुडघा वांकला कीं अक्षराखालीं आडवी रेघ, तोल गेला कीं टिंब, आसन ठरलें नाहीं तर अक्षरावर काट. पहिल्या दिवशीं शिष्याच्या वहींत ओळीवर ओळ चढते व अर्धे प्रकार गळतात. हळूहळू हात आपोआप चालूं लागतो. त्यांची स्वतःची वही आम्हीं पाहिली आहे. वर्षापूर्वींची एखाद्या मुलाची कसरत ते तींतून अशी वाचून दाखवितात कीं, तो मुलगा पुढ्यांत खांबावर चढल्याचा भास व्हावा.

यानंतर मापांचें शिक्षण. जिम्नॅस्टिक्सच्या नियमांत दोषांचीं मापें ठरलेलीं आहेत: लहान दोषास ०.१, मध्यमास ०.३, मोठ्यास ०.५, आणि उपकरणावरून पडल्यास पुरा १ गुण. मल्लखांबांतहि प्रकारांचें काठिण्य, रचना, सफाई आणि नावीन्य असे वेगवेगळे वाटे पाडून गुणांचा हिशेब करितात. हे आंकडे पाठ करण्यास एक दुपार पुरे. पण गुडघा किती वांकला म्हणजे लहान दोष मध्यम झाला, हें पाठांतरानें येत नाहीं. तें शिकावयाचें म्हणजे जुन्या पंचाच्या पाठीमागें खुर्ची टाकून बसावें, प्रत्येक मुलास आपल्या वहींत गुण द्यावे, ते कोणास दाखवूं नयेत, आणि स्पर्धा संपल्यावर आपला रकाना व त्याचा रकाना शेजारीं शेजारीं मांडावा. भाकरी थापणें सांगून येत नाहीं, शेजारीं बसून येतें. त्यांतलाच हा प्रकार.

हे दोन रकाने पाहतांना जुन्या पंचानें काय पाहावें, यांत एक मर्म आहे. नवखा सर्वांनाच सरसकट तीन दशांश कमी देत असेल तर तें फारसें वाईट नाहीं. हात आंखडता आहे, पण सर्वांस सारखाच, आणि मुलांचा क्रम बिघडत नाहीं. परंतु एकास चार दशांश जास्त, दुसऱ्यास तीन कमी, तिसऱ्यास बरोबर, असा रकाना दिसला तर तो मनुष्य अजून खुर्चीस योग्य झालेला नाहीं, मग त्याच्या गुणांची सरासरी जुन्या पंचाशीं कितीहि जुळो. आम्हीं पुष्कळ शिक्षकांस याच्या उलट वागतांना पाहिलें आहे. ते कडक शिष्यास रागें भरतात आणि डळमळणाऱ्यास शाबासकी देतात, कारण शेवटीं त्याची बेरीज जमते!

दुसरें शिक्षण भिडेचें. किंबहुना भीड मोडण्याचें. चार पंच असले कीं सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुण वगळून मधल्या दोहोंची सरासरी काढावयाची, ही जिम्नॅस्टिक्समधील जुनी चाल. समजा, चौघांनीं ७.८, ८.१, ८.२ आणि ८.९ असे गुण दिले, मुलीस ८.१५ पडले. आतां ७.८ देणारा नवखा आहे. शेजारच्यांचे आंकडे डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहून तो बिचकतो आणि आपल्या ७.८ चे ८.२ करितो. मुलीचे गुण झाले ८.२०. अर्ध्या दशांशाचा फरक. कोणास दिसलाहि नाहीं. अथेन्सला पहिल्या व तिसऱ्या क्रमांकांत याहूनहि कमी अंतर होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या भिडेचें वजन कळतें. मुख्य पंचानें बोलावून विचारलें तर नवख्यास आपली वही उघडून ‘मीं हें पाहिलें’ असें सांगतां आलें पाहिजे. आणि खरोखरच चुकलें असेल तर तेंहि तितक्याच सरळपणें सांगतां आलें पाहिजे. दोन्ही गोष्टींस सारखेंच धैर्य लागतें. आणि जुना पंच चारचौघांत शिष्यास झिडकारीत असेल तर तें धैर्य कधींच येत नाहीं. रकान्यांची चर्चा एकांतांत व्हावी. शिवाय जुन्यानें आपला आंकडा आधीं सांगूं नये. शिष्याचा ऐकून मग आपला सांगावा. नाहीं तर शिष्य खांब पाहावयाचें सोडून गुरूचें तोंड पाहूं लागतो.

मनाच्या खोडींची यादी तर लांबलचक आहे. उत्कृष्ट मुलाच्या पाठोपाठ आलेलें साधारण मूल अधिकच फिकें दिसतें. नामांकित तालमीचा गणवेश पाहिला कीं हात सैल सुटतो. गेल्या वर्षीं पहिला आलेला मुलगा यंदाहि पहिल्यासारखाच दिसतो. शेवटच्या उडींत घसरलेल्या मुलीचीं आधींचीं सुरेख आसनें विसरलीं जातात. दुपारच्या जेवणानंतरच्या पहिल्या तिघांस काय गुण पडतात, तें एकदां कोणी तपासून पाहावें! या खोडी वाचून जात नाहींत. पंधरा दिवसांनीं आपलीच जुनी वही काढून पाहावी लागते, आणि ती पाहतांना कानकोंडें व्हावें लागतें.

परीक्षकाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आमच्याच जिल्ह्याशीं बांधलेली आहे. येथील नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. संतमेळ्यांत मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनीं थापटणें घेतलें आणि एकेकाच्या डोक्यावर हाणून पाहिलें. इतर निमूट बसले, नामदेव मात्र रागावले. गोरोबांनीं त्यांसच कच्चें मडकें ठरविलें. नामदेवांनीं पंढरीस विठ्ठलाकडे गाऱ्हाणें नेलें, पण तेथेंहि निकाल फिरला नाहीं. ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, आणि तेथें त्यांस गुरु भेटले. भाविक या कथेकडे भक्तीच्या दृष्टीनें पाहतात, तें योग्यच आहे. आम्हांस तींत पंचाचें कामहि दिसतें. गोरोबा कुंभार होते. कच्च्या व भाजल्या मडक्याचा आवाज त्यांच्या कानांत जन्मभराचा मुरलेला. थापटणें सर्वांस एकच, आणि निकाल सर्वांच्या देखत. शिवाय कच्चें ठरलें त्यास वाट बंद झाली नाहीं. कोणीकडे जावयाचें तें त्या निकालामुळेंच कळलें. पटांगणावर हरलेल्या पोरास पंचाच्या वहींतून एवढें तरी कळावें. ‘तुझे अमुक गुण कापले’ एवढेंच सांगून त्यास वाटेला लावूं नये. ‘ताजव्यांत तुझा गुडघा वांकतो’ हें सांगितलें तर तें मूल दुसऱ्या दिवशीं पहाटे तालमींत येतें.

लहान जिल्ह्यांत एक अवघड प्रश्न हमखास उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. मुलांस शिकविणारा तोच, स्पर्धा भरविणारा तोच आणि पंचाच्या खुर्चींत बसणाराहि तोच. दुसरें माणूसच नाहीं, करणार काय? एका गांवीं आम्हीं पाहिलें, टेबलापाशीं बसलेल्या गुरुजींच्या स्वतःच्या चार विद्यार्थिनी दोरीवर चढावयाच्या होत्या. गुरुजी सज्जन, आपल्यावर पक्षपाताचा आळ येऊं नये म्हणून त्यांनीं आपल्याच मुलींस हात राखून गुण दिले. त्यांतील एक मुलगी जिच्यामागें राहिली ती तिच्याहून साधारण होती, हें बघणाऱ्या आयांसहि कळलें. गुरुजींच्या प्रामाणिकपणाची वाहवा झाली. मुलीचें वर्ष गेलें. आपल्या माणसास झुकतें माप देणें हा जसा अन्याय, तसाच आपली कीर्ति राखण्यासाठीं त्याच्या ताटांतलें काढून घेणें हाहि अन्यायच; आणि हा दुसरा अधिक वाईट, कारण त्याविरुद्ध कोणी तक्रारहि करीत नाहीं. यावर उपाय फार कठीण नाहीं. शेजारच्या परभणी, नांदेड व वाशीम जिल्ह्यांशीं पंचांची देवाणघेवाण ठेवावी. ज्या गटांत आपलें मूल वा विद्यार्थी असेल त्या गटापुरतें उठून वेळ मोजावयास बसावें. पण ही देवाणघेवाण करावयाची तर देण्यास आपल्यापाशीं तयार पंच हवेत. दरवर्षीं दुसऱ्याकडून उसने आणणाऱ्याचें सौजन्य किती दिवस टिकणार?

येथें आमच्या वाचक-भगिनींस एक विनंति. शाळेंत असतांना ज्या दोरीवर चढल्या, त्यांतील कितीएकींचा खेळ दहावी-बारावीच्या परीक्षेपाशीं थांबतो. उरलेल्यांपैकीं पुष्कळींचा लग्नापाशीं. अंगाची लवचिकता जाते, पण एकदां अंगठ्यांत दोरी धरलेल्या बाईस दुसरीची पकड कोठें ढिली झाली तें शंभर हातांवरूनहि समजतें. वळणें गेलें तरी कळणें जात नाहीं. ही दृष्टि घरांत वायां जात आहे. पंचाचें काम रोजचें नव्हे. वर्षांतून थोडे दिवस, बहुधा सुटीचे. मानधन अल्प असतें, हें आधींच सांगून टाकतों. पण वयांत येऊं लागलेल्या मुलींच्या स्पर्धेंत टेबलापाशीं एक तरी जाणती बाई बसलेली असली, म्हणजे त्या मुली किती मोकळेपणानें खेळतात, तें पाहण्यासारखें असतें. घरच्या मंडळींनीं मात्र त्या दिवशींच्या स्वयंपाकाची चिंता आपल्याकडे घ्यावी. सूनबाई लग्नाच्या पंगतीस गेली तर चालतें, वसमतला स्पर्धेस गेली तर कां चालूं नये?

मोठा खेळाडू झाल्यावांचून मोठा पंच होतां येत नाहीं, ही समजूतहि सोडावी. २०२१ सालीं झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें जिम्नॅस्टिक्सचे पंच म्हणून निवडले गेलेले पहिले भारतीय दीपक काबरा यांनीं, आपण खेळाडू म्हणून शिखरावर जाणार नाहीं हें ओळखून, तरुणपणींच पंचाच्या अभ्यासास आरंभ केला होता. आणि पंचांवर विश्वास असला म्हणजे हारहि कशी पेलवते, याचें उदाहरण रिओचें. २०१६ सालीं दीपा कर्माकर हिला व्हॉल्टमध्यें १५.०६६ गुण पडले, तिसरीस १५.२१६, अवघ्या दीड दशांशानें पदक हुकलें. तरी देशानें तो चवथा क्रमांक डोक्यावर घेऊन मिरविला.

कोणी म्हणतील, आतां यंत्रें आलीं आहेत, पंच हवेत कशाला? जागतिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धेंत २०१९ सालीं स्टुटगार्टला खेळाडूंच्या हालचाली मोजणारें यंत्र पंचांच्या मदतीस आलें, आणि २०२३ सालीं अँटवर्पला तें पुरुष व स्त्रिया यांच्या मिळून दहाहि उपकरणांवर बसविण्यांत आलें. चांगली गोष्ट आहे. तेथेंहि तें पंचाच्या मदतीलाच आहे. आणि तें यंत्र कळमनुरीच्या शाळेंत यावयास पुष्कळ काळ लागेल. आपल्यापाशीं भ्रमणध्वनि आहे, तेवढा शिकण्यास भरपूर झाला. एक कसरत टिपून घ्यावी. नवख्यानें ती प्रथम एकदांच, खेळाच्या गतीनें पाहून गुण द्यावे. मग तीच मंद गतीनें पाहून आपल्यास काय दिसलें नाहीं तें लिहून काढावें. हा क्रम उलटा करूं नये. मंद गतीची चटक लागलेल्या डोळ्यास खरी कसरत फार वेगानें निघून जाते.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यांत सुरू होतो. त्याआधीं उन्हाळ्याच्या सुटींत तालमी भरलेल्या असतात, मुलें आयतीं सांपडतात आणि शिक्षकांसहि वेळ असतो. वहीचें शिक्षण तेव्हांच उरकावें. पहिल्या वर्षीं जुन्या पंचाच्या पाठीमागची खुर्ची, दुसऱ्या वर्षीं तालुक्याच्या मुलांचे सरावाचे सामने, आणि दोन्ही रकाने जुळूं लागले म्हणजे मग जिल्ह्याचें टेबल, असा क्रम धरला तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक तालुक्यास दोन माणसें मिळणें अशक्य नाहीं. ज्यांस जमत नाहीं असें दिसेल, त्यांस दुखवूं नये; गुणांची बेरीज करणें आणि वेळ मोजणें हींहि कामें आहेत, आणि तीं करावयासहि घड्याळावरून नजर न हलविणारें माणूस लागतें.